पाकिटातल्या अकरा ओळी

माझ्या पोलादी कपाटाच्या दुसऱ्या फळीवर, पेन्शनच्या कागदांखाली, एक हार्ड डिस्क सात आठवडे पडून होती. ती माझी नव्हती. माझ्या मित्राची होती, आणि ती माझ्याकडे असणे हा आमच्या एका जुन्या रीतीचा भाग होता. त्या सात आठवड्यांत मी काय केले ते इथे लिहितो आहे. मला कोणी विचारलेले नाही.

मित्र म्हणजे माझा सहकारी. हैदराबादेत एकाच विद्यापीठाच्या एकाच विभागात आम्ही दोघांनी एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. मी त्याच्याहून दोन वर्षांनी ज्येष्ठ. मी तारनाक्याला राहतो, तो अंबरपेठेत. निवृत्तीनंतर रोज सकाळी साडेसहाला विद्यापीठाच्या आवारात फिरायचे आणि बाहेर इराण्याकडे चहा घ्यायचा, हा आमचा नेम होता. तो मला ‘वकील’ म्हणतो, कारण माझे आजोबा आणि वडील वकील होते आणि त्याच्या मते मीही तोच धंदा वर्गात करत आलो. आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या या शहरात सरकारी नोकरीत आणि कोर्टात गेल्या. तो नांदेडकडून आला. बौद्ध कुटुंबातला, घरातला पहिला पदवीधर. विभागात रुजू झाला तेव्हा त्याचे पहिले तीन लेख मी तपासले, आणि पुढेही तपासत राहिलो. मी तपासणार आणि त्याचे तपासले जाणार, ही मांडणी मला इतकी स्वाभाविक वाटत असे की ती कोणी ठरवली हा प्रश्न मला कधी पडला नाही.

विषय सांगणे भाग आहे. दूरच्या दीर्घिकांकडून आपल्यापर्यंत रेडिओ लहरी येतात. त्यांतल्या काहींचे कंपन एकाच ठरावीक दिशेने होते. याला ध्रुवीकरण म्हणतात. वाटेत चुंबकीय क्षेत्रे लागली की ही दिशा पिळली जाते. किती पीळ पडला ते मोजले की मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेतले चुंबकत्व कळते. अडचण अशी की वारंवारता जितकी कमी तितका पीळ जास्त, आणि वेगवेगळे पिळलेले अंश एकत्र आले की एकमेकांना पुसून टाकतात. नामपल्लीची नुमाइश, म्हणजे दरवर्षीचे प्रदर्शन, सुटते तेव्हा फाटकातून सगळी माणसे एकाच दिशेने बाहेर पडतात. स्टेशनापर्यंत येता येता ती दहा गल्ल्यांत पांगलेली असतात. कमी वारंवारतेवर काम करणारा माणूस स्टेशनापाशी उभा असतो आणि फाटकापासून सरळ चालत आलेला एखादा शोधत असतो. असे फार थोडे सापडतात, आणि तेही अतिशय मंद.

त्यात यंत्राचा दोष असतो. ज्या लहरींना मुळात दिशा नाही, त्यांचा थोडा अंश दुर्बिणीतून पाझरतो आणि दिशा असल्याचा भास निर्माण करतो. याला आम्ही गळती म्हणत असू. ती यंत्रातच होत असल्यामुळे तिला वाटेचा पीळ नसतो. ती शून्य पिळापाशी बसते. नोकरीत असताना मी याच एका गोष्टीसाठी ओळखला जाई. शून्याजवळचे काहीही मी कापत असे. एका दीर्घिकेपाशी मात्र वर्षानुवर्षे माझे मन अडकले होते. तिच्याकडून आलेला ठसा अगदी शून्यावर नव्हता, पण पुरेसा दूरही नव्हता. शेवटी वहीत तिच्यापुढे ‘गळती’ असे लिहून मी लाल रेघ मारली. आमच्या वेळच्या यंत्राने माझ्या वाट्याला ध्रुवित लहरींचा असा एकही उगम, म्हणजे स्रोत, आला नाही, ज्याच्याविषयी मी छातीवर हात ठेवून बोलू शकेन.

आता रीत. ती मीच विभागात आणली होती. शोधणाऱ्याला जे हवे असते तेच दिसते, म्हणून शोध सुरू होण्यापूर्वी दुसऱ्या कोणीतरी त्या माहितीत काही खोटे उगम मिसळायचे. ते खऱ्याच दीर्घिकांच्या जागी टाकायचे, म्हणजे शंका येत नाही. त्यांची यादी पाकिटात बंद करायची. शोधणाऱ्याने आपली यादी पूर्ण केली की पाकीट फोडायचे. खोट्यांपैकी किती सापडले यावरून त्याची नजर कळते. मग ते खोडायचे. उरले ते खरे. शुद्ध प्रत मिसळणाऱ्याकडे राहायची, लेख रवाना होईपर्यंत, म्हणजे शोधणाऱ्याला डोकावण्याचा मोह नको. मिसळणारा प्रामाणिक आहे का, हे तपासण्याची सोय या रीतीत नव्हती. मला तिची गरज वाटली नव्हती.

निवृत्तीनंतर मी वाचन ठेवले, काम सोडले. त्याने उलट केले. परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीची माहिती सर्वांसाठी खुली झाली आणि या गृहस्थाने सहासष्टाव्या वर्षी, व्हिडिओ पाहून, संगणकाची नवी भाषा शिकायला घेतली. मी हसलो होतो. जेवणाचे टेबल भिंतीला लावून त्याने त्यावर संगणक मांडला. नवराबायको ताटे मांडीवर घेऊन जेवू लागली. दोन वर्षांनी विभागाने त्याला व्याख्यानाला बोलावले. मी दुसऱ्या रांगेत बसलो. आकाशाच्या एका लहानशा तुकड्यात त्याला प्राथमिक शोधात काही मंद ध्रुवित उगम दिसले होते. एका विद्यार्थिनीने विचारले की शून्याजवळचे सगळेच कापले तर खरेही कापले जात नाहीत का. हा प्रश्न मी स्वतःला पंचवीस वर्षे विचारत होतो. त्याने फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि उत्तर दिले. उत्तर बरोबर होते. नंतर माझ्याकडे हात करून म्हणाला की हे सगळे मला त्यांनी शिकवले. टाळ्या झाल्या. मी मान हलवली आणि चहाला न थांबता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी इराण्याकडे त्याने विषय काढला.

“वकील, पूर्वीसारखे खोटे टाकून दे. सोपे टाकू नक्को. लाज आणणारे टाक.”

“किती?”

“ते मलाच सांगणार असलास तर मग कशाला टाकायलास?”

त्याने बशीत चहा ओतला आणि हसला. आकाशाच्या त्या तुकड्याची माहिती असलेली डिस्क मी घेतली.

तीन दुपारी मी ते काम केले. काम मी नीट करतो. अकरा उगम टाकले, काही त्याच्या नजरेच्या अगदी काठावर. यादी सुवाच्य अक्षरात लिहिली. मग जुनी वही काढली, लाल रेघेची दीर्घिका शोधली, ती त्याच तुकड्यात येत होती, आणि तिच्या जागी बारावा टाकला. पीळ शून्यापासून पुरेसा दूर दिला, म्हणजे कोणी गळती म्हणू नये. तेज इतके दिले की सापडावा, पण कष्टाने. यादीत तो लिहिला नाही. मी विसरलो नव्हतो.

हेतू लिहायचा तर एवढाच: त्याच्या यादीत एक खोटा छापला जावा, आणि ते मला ठाऊक असावे. कोणाला सांगण्याचा बेत नव्हता. पुढच्या व्याख्यानाला दुसऱ्या रांगेत बसताना तेवढे माझ्याजवळ असावे, बस.

खोटे मिसळलेली प्रत मी त्याला दिली, शुद्ध प्रतीची डिस्क कपाटात ठेवली. पाकीट नेहमीप्रमाणे त्याच्या पत्नीकडे दिले. वहिनी रेल्वेच्या माल-कार्यालयातून निवृत्त झाल्या. आयुष्यभर त्यांनी मालगाड्यांच्या डब्यांचे हिशेब जुळवले आणि ती शिस्त घरात आणली. पाकीट त्यांनी तूरडाळीच्या डब्यामागे ठेवले.

सातव्या आठवड्याच्या शुक्रवारी, दुपारी चारला, अंबरपेठेत पाकीट फोडले. पितळी बुद्धापुढची उदबत्ती संपत आली होती. वहिनींनी भाजीच्या सुरीने पाकीट उघडले आणि माझ्या ओळी एकेक करून वाचल्या. तो आपल्या यादीवर खुणा करत गेला. अकरापैकी नऊ त्याने पकडले होते. माझ्या उत्तम दिवसांत मी आठाच्या वर गेलो नव्हतो. नऊ खोडले. उरले ते खरे, असे समजून त्याने कागद सरळ केला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

“हा बघ. सगळ्यात मंद. ओळखलास?”

मी ओळखले नाही असे दाखवले.

“तुझी लाल रेघ. तू गळती म्हणून कापला होतास तो. मी जागा जुळवून पाहिली, तीच दीर्घिका. शून्यापासून चांगला दूर आहे. तुझ्या वेळच्या यंत्राला नीट दिसला नाही, एवढंच.” मग म्हणाला, “पहिल्यांदा तू पाहिलास, वकील. लेखात तसं लिहायलो. तुझं नाव दुसरं घालतो.”

वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आता पेढे तुम्ही आणायचे.”

मला सुटका वाटली नाही, लाजही लगेच वाटली नाही. पहिल्यांदा वाटला तो पुन्हा हेवाच. हा माणूस आपल्या यादीतला सर्वांत मौल्यवान उगम उचलून दुसऱ्याला देऊ शकत होता, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नव्हते. मी बघू म्हणालो आणि चहा संपवला. लेख सोमवारी जायचा होता.

शनिवारी दुपारी मी कपाटातून डिस्क काढली. रीतीप्रमाणे शुद्ध प्रत पाहण्याचे मला काही कारण नव्हते. मी एकाच आशेने ती पाहिली: त्या जागी खरोखरच काही असावे. माझा खोटा एखाद्या खऱ्यावर जाऊन बसला असेल तर कोणाचेच नुकसान नव्हते, आणि लाल रेघही चुकीची ठरली असती. मी ती जागा तीन वेळा पाहिली. शून्यापाशी गळतीचा ठसा होता, जसा माझ्या वहीत होता तसाच. बाकी काही नव्हते. तीस वर्षांपूर्वी मी बरोबर होतो.

मग मी लेखाचा मसुदा वाचला. त्याने तो माझ्याकडे पाठवला होता, तपासायला. त्या उगमावर एक पूर्ण परिच्छेद होता. इतर कोणी पुढे जाऊन तिथे पाहिले असते आणि काही सापडले नसते, तर संशय त्या एका ओळीवर थांबला नसता. सगळी यादी गेली असती, आणि यादी त्याची होती. लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याने व्हिडिओ पाहून शिकायला नको होते. हे वाक्य लोक म्हणतील असे मला वाटले, कारण ते मी मनात म्हणून चुकलो होतो.

रविवारी सकाळी डिस्क खिशात घालून मी आवारात गेलो. दोन फेऱ्या झाल्या. तो मूत्रपिंडाच्या तपासण्यांविषयी आणि तेलंगणातल्या आंब्याच्या भावांविषयी बोलत होता. तिसऱ्या फेरीला मी डिस्क त्याच्या हातात दिली.

“तो शेवटचा माझा आहे.”

“तुझाच म्हणतोय ना मी.”

“तसा नाही. तो मी टाकला. पाकिटात लिहिला नाही.”

तो उभा राहिला. बाजूने फिरणारी माणसे आम्हाला वळसा घालून पुढे गेली. मग म्हणाला, “विसरलास.”

त्याने मला दार उघडून दिले होते. तेवढे हो म्हणायचे होते.

“नाही,” मी म्हणालो.

त्याने डिस्क उलटून पाहिली. तिच्यावर लिहिलेले काही नव्हते. “कधीपासून?” असे विचारले. व्याख्यानापासून, असे मी सांगितले. मग ते खरे नाही हे लक्षात आले आणि तेही सांगितले: बरेच आधीपासून, बहुधा पहिल्या तीन लेखांपासून.

“तू जळायलास हे मला दिसत होतं,” तो म्हणाला. “आंधळा नाही मी. पण मोजणीत हात घालशील असं वाटलं नव्हतं.”

एवढे बोलून तो फाटकाकडे गेला. त्या दिवशी इराण्याकडे सवयीने दोन कप आले. मी एक परत पाठवला.

सोमवारी लेख गेला नाही. बारा दिवस तो फिरायला आला नाही. मी फेऱ्या पूर्ण करत होतो. या काळात मला पश्चात्ताप झाला का, असे कोणी विचारले तर झाला असे म्हणेन. पण त्याच्या शेजारी हेवाही होता, आणि तो गेला नव्हता. नऊ. अकरापैकी नऊ. तो आकडा मी फिरताना मनात घोळवत असे.

तेराव्या दिवशी वहिनींचा फोन आला. “भाऊजी, उद्या चारला घरी या. चष्मा घेऊन या.”

मी गेलो. तो संगणकापुढे बसला होता, उठला नाही. बसायला सांगितले. त्याने जे सांगितले त्याचा सारांश असा: शुद्ध प्रत त्याने पाहिली. बाकीचे उगम त्याला खरे वाटतात. तरीही ती यादी त्याने बाजूला ठेवली, कारण ते आकाश आता त्याला पाठ झाले आहे आणि पाठ झालेल्या आकाशात प्रामाणिकपणे शोधता येत नाही. सहा महिन्यांचे काम त्यात गेले. आता त्याने दुसरा तुकडा घेतला होता.

“पुन्हा टाक,” तो म्हणाला.

“दुसऱ्या कोणाला सांग.”

“दुसरा कोण इतके वाईट टाकतो? सगळे दया करतात. तू करत नाहीस.” मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. “इथंच बसून टाकायचे. ही मोजणार.”

तो पिशवी घेऊन बाजाराला निघून गेला, म्हणजे त्याला काही दिसू नये. वहिनींनी पदर खोचला, पेन्सिल घेतली, आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढली. त्यांच्या समोर बसून मी सव्वादोन तास काम केले. त्यांना विषय कळत नव्हता, पण एक गोष्ट त्याने त्यांना समजावून ठेवली होती: मिसळून झाले की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात किती उगम टाकले तो आकडा येतो. तो आकडा आणि माझ्या कागदावरच्या ओळी जुळल्या पाहिजेत. मालाचे डबे आणि पावत्या जुळतात तशा.

संपल्यावर मी यादी त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी पेन्सिलीचे टोक प्रत्येक ओळीवर टेकवत मोजले. मग पडद्याकडे पाहिले. पुन्हा पहिल्यापासून मोजले.

“पडद्यावर चौदा आहेत,” त्या म्हणाल्या. “कागदावर तेरा.”

मी कागद घेतला. सहाव्या आणि सातव्या ओळीच्या मध्ये एक उगम राहून गेला होता. त्याचे आकडे मी बाजूच्या चिठोऱ्यावर उतरवले होते आणि यादीत घालायचे राहिले होते. या वेळी मी खरोखर विसरलो होतो. अशी चूक माझ्या हातून पूर्वी झालेली नव्हती, निदान मला आठवत नाही. तोंडाशी आलेले वाक्य मी बोललो नाही. ते बोलण्याचा अधिकार मी नऊ आठवड्यांपूर्वी, दुपारच्या वेळी, स्वतःच्या टेबलावर संपवून टाकला होता.

वहिनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना काय वाटले ते मला कळले नाही. त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे धरली.

“लिहा, भाऊजी. त्यासाठीच मला बसवलंय.”

मी ओळ लिहिली. त्यांनी तिसऱ्यांदा मोजले, कागद घडी केला, पाकिटात घातला आणि जोडावर आडवी सही केली. शुद्ध प्रतीची डिस्क या वेळी माझ्याकडे आली नाही. पाकिटाबरोबर तीही त्यांनी डाळीच्या डब्यामागे ठेवली. थोड्या वेळाने तो पिशवीत दोडकी घेऊन आला आणि झाले का म्हणून विचारले. वहिनींनी झाले म्हणून सांगितले. अधिक काही सांगितले नाही. मी जोडे घातले.

“उद्या साडेसहाला,” तो म्हणाला, संगणकाकडे वळत.

चौदापैकी पाच मी इतके मंद टाकले होते की ते त्याला सापडू नयेत. तेवढी मुभा रीतीतच आहे.